परदेशातली खरेदी आणि पावतीवरचे दोन शब्द

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या मावसबहिणीनं सुट्टीत परदेशात फिरताना नवऱ्यासाठी एका नामांकित कंपनीचं घड्याळ घेतलं. पदपथावर मांडलेल्या चादरीवरून नाही, चांगल्या काचेच्या दाराच्या दुकानातून. मखमली ट्रे, हातमोजे घातलेला विक्रेता, खोक्यात वॉरंटी कार्ड, सगळं होतं. आमच्याकडे कर लागत नाही म्हणून स्वस्त पडतं, असं त्यानं सांगितलं. अर्धे पैसे रोख दिलेत तर अजून थोडे कमी करतो, असंही म्हणाला. तिनं अर्धे कार्डावर दिले, अर्धे रोख.

परत आल्यावर काही आठवड्यांतच घड्याळ मागे पडायला लागलं. कंपनीच्या सेवा केंद्रात मी तिच्यासोबत गेले होते. तंत्रज्ञानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. आतल्या अर्धगोल चकतीवर कंपनीचं नाव होतं, पण कोरलेलं नव्हतं, नुसतं छापलेलं होतं. त्यातल्या एका अक्षराचा रंग सुटून कण दातेरी चाकांत जाऊन बसला होता. "हे आमचं नाही," तो हळूच म्हणाला. बहिणीचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना.

पावती तिनं जपून ठेवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, "घड्याळ, १ नग."

श्रोतेहो, या दोन शब्दांपाशी जरा थांबा. दुकानदारानं घड्याळ विकलं आणि घड्याळच दिलं. कागदावर त्यानं खोटं काहीच लिहिलेलं नाही. कंपनीचं नाव त्यानं तोंडानं घेतलं, तबकडीवर दाखवलं, पण पावतीवर येऊ दिलं नाही. अनेक देशांचे ग्राहक कायदे सांगतात की माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. पण वर्णन काय केलं होतं हे सिद्ध कशानं करायचं? म्हणून महागड्या ब्रँडची वस्तू घेताना पावतीवर ब्रँडचं नाव, मॉडेल आणि असल्यास अनुक्रमांक लिहून मागा. अस्सल माल विकणारा हे न मागताच लिहितो. जो कां कू करतो, त्याच्या दुकानातून तिथंच बाहेर पडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही झाली फसलेल्या ग्राहकाची गोष्ट. जाणूनबुजून 'फर्स्ट कॉपी' घेणाऱ्याची परिस्थिती वेगळी आहे. नकली आहे हे माहीत असून घेतलं, तर पट्टा तुटला, शिवण उसवली म्हणून दाद कोणाकडे मागणार? उलट काही देशांत कायदा त्यालाच धरतो. इटलीत २००५ पासून नकली माल विकत घेणाऱ्या पर्यटकालाही दंड होऊ शकतो आणि तो ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. फ्रान्समध्ये नकली वस्तू नुसती जवळ बाळगणं हासुद्धा सीमाशुल्काचा गुन्हा आहे. वस्तू जप्त होते, दंड अस्सल वस्तूच्या किमतीच्या १ ते २ पट आकारला जातो, म्हणजे तुम्ही मोजलेल्या चिल्लर रकमेशी त्याचा काही संबंध नसतो. कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून सीमाशुल्क अधिकारी प्रवाशाच्या सामानातली एकुलती एक नकली वस्तूही काढून घेऊ शकतात.

"स्वतःपुरतं एखादं आणलं तर चालतं" असं लोक खात्रीनं सांगतात. हा समज कुठून आला, तेही सांगते. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातलं ६० वं कलम देशांना मुभा देतं, की प्रवाशाच्या वैयक्तिक सामानातल्या, व्यापारासाठी नसलेल्या थोड्या वस्तूंना सीमेवरच्या कारवाईतून वगळावं. मुभा आहे, सक्ती नाही. आणि ती आहे देशांना, प्रवाशाला नाही. कोणी ती वापरतं, कोणी नाही. शिवाय एकाच प्रवासात तुम्ही दोन-तीन सीमा ओलांडता.

एका वस्तूबद्दल मात्र मला फार कळकळीनं सांगायचंय, ती म्हणजे गॉगल. नकली गॉगलच्या काचा गडद असतात, पण अतिनील किरण अडवतीलच याची खात्री नसते. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्तच आत शिरतात. अशा गॉगलपेक्षा उघडे डोळे परवडले. लहान मुलांना तर तो अजिबात घेऊ नका.

आता फसवणूक झालीच तर काय करायचं? त्या देशात असतानाच लक्षात आलं, तर पहिल्यांदा दुकानात लेखी तक्रार द्या आणि मग पोलिसांत जा. थायलंडसारख्या देशात पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, त्यांचा क्रमांक ११५५. परतल्यावर कळलं, तर सगळी भिस्त तुमच्या कार्डावर. व्हिसासारख्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत बनावट मालासाठी तक्रारीचा स्वतंत्र प्रकार आहे. बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे कार्डावर दिलेले पैसे परत मागायचे, मुदत साधारण १२० दिवसांची असते, म्हणून आज-उद्या करत बसू नका. पण माल बनावट आहे हे तुमच्या सांगण्यावर ठरत नाही. ब्रँडच्या मालकाचा, सीमाशुल्क खात्याचा किंवा तटस्थ जाणकाराचा कागद लागतो. पुष्कळ कंपन्या 'अस्सल आहे की नाही' असा दाखला देत नाहीत. अशा वेळी दुरुस्ती का नाकारली, एवढं तरी लेखी मागा.

आम्ही तेच केलं. त्या तंत्रज्ञानं आढेवेढे न घेता केंद्राच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या: ही वस्तू आमच्या कंपनीची निर्मिती नाही, म्हणून दुरुस्तीला स्वीकारता येत नाही. सोबत आम्ही खोक्याचे, वॉरंटी कार्डाचे आणि दुकानाच्या पाटीचे फोटो जोडले. पाटीचा फोटो बहिणीच्या मुलीनं सहज म्हणून काढला होता, आणि तोच उपयोगी पडला, कारण कार्डाच्या विवरणात दुकानाचं नाव भलतंच होतं. बँकेनं तीनदा नव्यानं कागद मागवले. बहीण वैतागली होती, सोडून देऊ म्हणत होती. मी तिला सोडू दिलं नाही.

कार्डावर दिलेले पैसे अखेर परत आले. रोख दिलेल्या अर्ध्या रकमेसाठी तिथल्या पोलिसांना आणि दुकानाला पत्रं पाठवली आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.

नमस्कार.