पाठवणी टिपताना

(दृश्य: मंगल कार्यालयाचं स्टेज. अंतरपाट धरलेला.)

मंगलाष्टका सुरू झाल्या की सगळे कॅमेरे अंतरपाटाकडे वळतात. अशा वेळी मुलीची आई कुठे असते? अनेक घरांत ती लेकीचा मुहूर्त पाहत नाही, तुळशीला पाणी घालत उभी असते. मंगलाष्टकांचे सूर तिला तिथूनच ऐकू येतात. अख्ख्या दिवसातला सर्वांत बोलका चेहरा हा, आणि बहुतेक अल्बममध्ये तो नसतोच! दोघे फोटोग्राफर असाल तर एकाने स्टेज सोडून तिथे जायलाच हवं. आई कुठे थांबणार, ते सकाळीच विचारून ठेवा.

विधींचा क्रम पाठ असावा तो यासाठीच. अक्षता पडताना, हार घालताना सगळ्यांना कॅमेऱ्याचं भान असतं. त्यानंतर गुरुजी पुढची मांडामांड करतात, त्या मिनिट-दोन मिनिटांत चेहरे सैलावतात. तेव्हा कॅमेरा खाली ठेवू नका.

हसू ओळखायचं ते डोळ्यांवरून. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंचा अभ्यास छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो सहसा हुकमावर हलत नाही, हे त्यांनी मांडलं. म्हणून ‘स्माइल प्लीज’ म्हटल्यावर बरेचदा नुसते दात दिसतात. फोटो निवडताना तोंडाचा भाग बोटाने झाकून बघा. डोळे हसत असतील तरच तो ठेवा.

(दृश्य: हॉलमधले दिवे, ट्यूब, सजावटीचे रंगीत झोत.)

कार्यालयातला उजेड फसवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की फोटोत आडवे पट्टे उमटतात. इथे मेकॅनिकल शटर (नेहमीचं, पडदा हलणारं) आणि १/१०० सेकंदाचा वेग ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० लागला तर लागू द्या. त्याने फोटोत येणारे दाणे खपतात, हललेले डोळे खपत नाहीत. सजावटीचा गुलाबी-जांभळा झोत मात्र चेहऱ्यावर पडूच देऊ नका. त्या रंगात माखलेली त्वचा रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) नीट परत येत नाही. डेकोरेशनवाल्यांना विधीपुरते ते दिवे बंद करायला सांगितलं तर ते करतात.

(दृश्य: कार्यालयाचं दार. वडील आणि मुलगी.)

आता पाठवणी. नवशिके इथे दोन ठिकाणी चुकतात.

पहिली चूक उभं राहण्याची. दाराच्या आत थांबलात तर बाहेरचा लखलखाट मागे येतो आणि चेहरे काळे पडतात. आधीच बाहेर जा आणि दाराकडे तोंड करून उभे राहा. मग आकाशाचा मऊ उजेड थेट चेहऱ्यांवर येतो, डोळ्यांत ठिपका चमकतो. मिठीत लेकीचा चेहरा बहुधा खांद्यात लपतो, म्हणून जागा तिच्या पाठीमागे, जरा बाजूला घ्या. वडिलांचा चेहरा दिसेल आणि तिच्या पाठीवर घट्ट झालेली त्यांची बोटंही. कधी कधी ती बोटंच चेहऱ्यापेक्षा जास्त सांगतात.

दुसरी चूक भिंगाची. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीचं भिंग, एफ १.८ (भिंगाचं तोंड किती उघडं, तो आकडा; लहान आकडा म्हणजे जास्त उघडं), अंतर दोन मीटर: पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा. वडिलांचे डोळे स्पष्ट आले तर शेजारी पदराने डोळे टिपणारी आजी पुसट होते, आणि तिच्याशिवाय तो प्रसंग अर्धाच. त्यापेक्षा ३५ मिमी, एफ २.८ वापरा. तितक्याच अंतरावर हा पट्टा अर्ध्या मीटरच्या आसपास जातो. बाहेर उजेड पुरेसा असतो, तेव्हा शटरचा वेग १/३२० सेकंदापर्यंत वाढवा, कारण हुंदक्यात खांदे हलतात.

व्हिडिओवाल्याचा कॅमेऱ्यावरचा दिवा समोरून मारला की चेहरा सपाट होतो आणि माणूस अवघडून रडणं गिळतो. तो दिवा बाजूला, मंद करून धरायला आधीच सांगा. ‘पुन्हा एकदा मिठी मारा’ हे तर कधीच म्हणू नका.

रडणाऱ्या वडिलांचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी त्यांना दाखवा. ते नको म्हणाले तर तो घरच्या अल्बममध्येच राहू द्या.