लेझामाची मुलं

(दृश्य: हिरव्या टेकड्या, झिमझिम पाऊस, एकमेकांना लागून असलेली मैदानं. पाठीवर सॅक घेतलेली मुलं आत येत आहेत.)

निवेदन:

उत्तर स्पेनमध्ये बिल्बाओ नावाचं बंदराचं शहर आहे. तिथून दहाएक किलोमीटरवर लेझामा हे गाव. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तासन्‌तास नुसता भुरभुरत राहतो. शाळा सुटली की त्या पावसात मुलं मैदानावर येतात. कुणी दहा वर्षांचं, कुणी पंधरा. छातीवर अॅथलेटिक या फुटबॉल क्लबचं बोधचिन्ह.

हा क्लब 1898 सालचा. ला लीगा ही स्पेनची सर्वांत वरच्या श्रेणीची फुटबॉल लीग 1929 मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून एकदाही खालच्या श्रेणीत न घसरलेले क्लब फक्त तीन आहेत: रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि बिल्बाओचा हा अॅथलेटिक. पहिले दोघे जगाच्या पाठीवरून हवा तो खेळाडू आणतात. अॅथलेटिकला ते करता येत नाही, कारण त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतलं आहे. बिल्बाओच्या आसपास, स्वतःची भाषा आणि ओळख जपणाऱ्या बास्क लोकांचा प्रदेश आहे. इथे खेळणारा त्या बास्क प्रदेशात जन्मलेला हवा, नाहीतर बास्क प्रदेशातल्या क्लबांमध्ये खेळून घडलेला हवा. शंभर वर्षांहून जास्त काळ हे बंधन त्यांनी पाळलं आहे.

हा प्रदेश आहे केवढा? स्पेनमधले चार आणि फ्रान्समधले तीन असे सातही बास्क प्रांत धरले, तरी लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाखांवर होती. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी माणसांमधून अकरा जण निवडायचे आणि बार्सिलोनासमोर उभे करायचे. शिवाय याच माणसांतून रेआल सोसिएदाद, ओसासुना, अलावेस हे शेजारचे क्लबही आपले खेळाडू शोधत असतात.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गोल टोपी घातलेला एक इंग्रज, भोवती खेळाडू.)

निवेदन:

बिल्बाओत फुटबॉल आला तो समुद्रातून. लोखंडाच्या खाणी आणि गोदी यांच्यासाठी आलेले इंग्रज कामगार, खलाशी, आणि इंग्लंडला शिकून परतलेले बास्क तरुण यांनी तो इथे रुजवला. मग 1922 साली फ्रेड पेंटलंड नावाचा इंग्रज प्रशिक्षक आला. त्याच्याबद्दल एक गोष्ट इथे अजून सांगतात. पहिल्याच सरावाला त्याने मोठमोठ्या खेळाडूंना खाली बसवलं आणि बुटाची नाडी नीट कशी बांधायची ते शिकवलं. साधं काम आधी नीट जमलं पाहिजे, मग बाकीचं. ही गोष्ट शब्दशः अशीच घडली असेल-नसेल, पण पेंटलंडने काय केलं ते निकालांत दिसतं. उंच लाथाडण्यापेक्षा जवळच्या जवळ पास देत पुढे सरकायला त्याने शिकवलं. 1930 आणि 1931 अशी दोन वर्षं लागोपाठ अॅथलेटिकने लीग आणि कप (म्हणजे स्पेनची बाद पद्धतीची स्पर्धा, आजची कोपा देल रे) दोन्ही जिंकले. 1931 च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाला 12-1 असं हरवलं. मोठा सामना जिंकला की खेळाडू पेंटलंडची टोपी हिसकावून पायाखाली तुडवायचे, आणि तो नवी टोपी घ्यायचा.

लेझामाची मैदानं उभी राहिली 1971 मध्ये. तोवर गावोगावचे छोटे क्लब पोरं तयार करायचे आणि त्यातली चांगली अॅथलेटिककडे यायची. ती साखळी आजही तुटलेली नाही, पण आता मधोमध एक घर झालं. त्याचं फळ दिसायला बाराएक वर्षं लागली. हाविएर क्लेमेंटे हा क्लबचाच खेळाडू, दुखापतीमुळे ऐन तारुण्यात खेळ सुटलेला. तो आधी क्लबच्याच दुसऱ्या फळीच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि तिथली मुलं घेऊनच वरच्या संघात गेला. 1983 मध्ये लीग, 1984 मध्ये लीग आणि कप. खालच्या मैदानावर ज्याने त्यांना शिकवलं, तोच वर त्यांच्यासोबत होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य: छोटं मैदान, छोटे गोल. मुलं वर्तुळात उभी, मधे दोघं. चेंडू भराभर फिरतो आहे.)

निवेदन:

आता सरावाकडे येऊ.

हा जो खेळ तुम्ही पाहताय, त्याला रोंदो म्हणतात. बाहेरची मुलं एकमेकांना पास देतात, मधली दोघं चेंडू काढून घेण्यासाठी धावतात. बघायला गंमत वाटते. पण नीट पाहा, चेंडू यायच्या आधीच ते पोरगं मान वळवून दोन्हीकडे बघून घेतं. पहिला टच कुठल्या पायाने, कुठल्या दिशेला, हे चेंडू पायाशी येण्याआधी ठरलेलं असतं. दहाव्या वर्षी ही सवय लागली तर ती आयुष्यभर राहते. अठराव्या वर्षी लावायला गेलं, तर फार जड जातं.

स्पेनमध्ये बारा वर्षांखालची मुलं सहसा सात-सातच्या संघात, लहान मैदानावर खेळतात. कारण साधं आहे. मोठ्या मैदानावर अकरा-अकराच्या खेळात लहान मुलाच्या वाट्याला चेंडू येतोच किती? तो नुसता पळत राहतो, आणि ज्याचे पाय लांब त्याचीच चालते. मैदान लहान केलं की प्रत्येकाला चेंडू मिळतो, चूक करायला मिळते, दोन मिनिटांत ती सुधारायलाही मिळते. मैदानाबाहेर उभा असलेला प्रशिक्षक काय करतो तेही बघा. तो सारखा ओरडून 'इकडे दे, तिकडे दे' सांगत नाही. खेळ थांबवतो, एखाद्याला विचारतो, 'तुला तिथे कोण दिसत होतं?' आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. सगळं बाहेरून सांगितलं, तर सामन्यात मुलगा प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघत राहील.

आणि इथेच लहान मुलांच्या प्रशिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट येते. वयोगट कॅलेंडरच्या वर्षाने ठरतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. दहा-अकरा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे केवढा फरक! जानेवारीवाला उंच, दणकट, वेगवान, म्हणून निवड चाचणीत उठून दिसतो. मोठमोठ्या अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतली कमी, असं चित्र जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. डिसेंबरच्या मुलांत गुण नसतात म्हणून हे होत नाही. बघणारा आजची उंची बघतो आणि दहा वर्षांनंतरचा खेळाडू बघितला असं समजतो, म्हणून होतं.

श्रीमंत क्लबाला ही चूक परवडते. एक मुलगा हातचा गेला, तर दुसरा विकत घेता येतो. तीस लाख लोकांत शोधणाऱ्या अॅथलेटिकला ती परवडत नाही. नाकारलेल्या मुलावरही डोळा ठेवावा लागतो, गावच्या क्लबात तो कसा वाढतोय हे पाहावं लागतं. बास्क प्रदेशातल्या शंभराहून अधिक छोट्या क्लबांशी अॅथलेटिकचे करार आहेत, ते यासाठीच.

आरित्झ अदुरिझ या आक्रमक खेळाडूचंच बघा. सान सेबास्तियान शहरातल्या अँतिग्वोको या छोट्या क्लबात तो वाढला. (पुढे नावाजलेले फुटबॉलपटू झालेले शाबी अलोन्सो, मिकेल आर्तेता आणि आंदोनी इराओला हे तिघेही याच क्लबात होते. एका वस्तीतल्या मुलांच्या क्लबातून एवढी माणसं निघावीत, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.) अदुरिझ अॅथलेटिककडे आला तो विशीच्या उंबरठ्यावर. क्लबने त्याला जाऊ दिलं, परत आणलं, पुन्हा विकलं, आणि 2012 मध्ये तिसऱ्यांदा घरी आणलं. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. त्याचा खरा बहर त्यानंतरचा. 2016 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, युरोपा लीगच्या एका सामन्यात त्याने बेल्जियमच्या गेंक संघाविरुद्ध पाच गोल केले. ऑगस्ट 2019 मध्ये बार्सिलोनाविरुद्ध अगदी शेवटी मैदानात उतरला आणि पाठमोरा हवेत उडी घेऊन गोल मारला. तेव्हा वय 38.

(दृश्य: मोठ्या मुलांचा सराव. एक मुलगा गुडघ्याला बर्फ लावून कडेला बसला आहे.)

निवेदन:

तेरा-चौदाव्या वर्षी मुलं झपाट्याने उंच होतात. काल पायात बसलेला चेंडू आज सुटायला लागतो. गुडघ्याखाली दुखायला लागतं. पालक घाबरतात, मुलगा स्वतःवर चिडतो. या काळात प्रशिक्षकाला त्याचा सराव कमी करावा लागतो, आणि 'तू बिघडला नाहीस, वाढतोयस' हे पटवून द्यावं लागतं. माझ्या मते प्रशिक्षकाची खरी परीक्षा इथे होते, चषकाच्या सामन्यात नाही.

पुढची पायरी बास्कोनिया. बसाउरी गावचा हा जुना क्लब 1997 पासून अॅथलेटिकशी जोडलेला आहे. किशोरवयीन संघातून बाहेर पडलेली मुलं इथे पहिल्यांदा मोठ्या माणसांविरुद्ध खेळतात, धक्के खातात. मग दुसरा संघ, बिल्बाओ अॅथलेटिक. स्पेनमध्ये क्लबांचे दुसरे संघ राखीव स्पर्धेत न खेळता खालच्या श्रेणीच्या खऱ्याखुऱ्या लीगमध्ये उतरतात. समोरच्या संघाचं पोट त्या सामन्यावर असतं, त्यामुळे कुणी दयामाया दाखवत नाही.

बहुतेक मुलं मुख्य संघापर्यंत पोचत नाहीत. हे इथेही खरं आहे, आणि सांगायला हवं. आठ-आठ वर्षं रोज संध्याकाळी येणाऱ्या मुलाला एका उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी तू नाहीस' असं कुणीतरी सांगतं. शेजारच्या क्लबांची वेगळी तक्रार आहे. आम्ही वाढवलेली पोरं हा मोठा क्लब लवकर उचलून नेतो, असं ओसासुनाच्या बाजूने अनेकदा ऐकू येतं. ती तक्रार मला खोटी वाटत नाही. स्वतःवर घातलेल्या बंधनाचं ओझं थोडं शेजाऱ्यांवरही पडतंच.

बाहेरचं जग तर पैशाची थैली घेऊनच येतं. 2018 च्या जानेवारीत बचावपटू एमेरिक लापोर्तसाठी मँचेस्टर सिटीने साडेसहा कोटी युरो मोजले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोलकीपर केपासाठी चेल्सीने आठ कोटी दिले, आणि तो जगातला सर्वांत महागडा गोलकीपर ठरला. एवढा पैसा हातात असताना दुसरा कुठलाही क्लब तडक बाजारात गेला असता. अॅथलेटिकने गोलपोस्टपाशी उनाई सिमोनला उभं केलं. तो किशोरवयापासून लेझामातच होता. पुढे तो स्पेनचाच गोलकीपर झाला.

(दृश्य: दोन भाऊ, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट. सान मामेस स्टेडियम.)

निवेदन:

इन्याकी आणि निको विल्यम्स यांचे आईवडील घानाचे. सहारा वाळवंटातून पायी चालत ते युरोपकडे आले. इन्याकीचा जन्म बिल्बाओतला, निकोचा पाम्पलोनातला. दोघं भाऊ पाम्पलोनात वाढले आणि लेझामात घडले. 2015 मध्ये इन्याकीने अॅथलेटिकसाठी पहिला गोल केला, तेव्हा या क्लबासाठी गोल करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. शंभर वर्षांहून जुन्या क्लबात हे 2015 पर्यंत झालं नव्हतं. बास्क कोण, या प्रश्नाचं उत्तर रक्तात शोधणाऱ्यांना या दोन भावांनी मैदानावरच गप्प केलं. 2016 ते 2023 या काळात इन्याकी लीगचे सलग 251 सामने खेळला, एकही न चुकवता.

6 एप्रिल 2024. सेव्हिया शहरात कोपा देल रेचा अंतिम सामना, समोर मायोर्का. निकोच्या पासवर ओइहान सान्सेतने बरोबरीचा गोल केला, आणि पेनल्टींवर अॅथलेटिक जिंकला. चाळीस वर्षांनी कप घरी आला. 1984 नंतर पहिल्यांदाच विजयाच्या मिरवणुकीसाठी गाबारा नावाची जुनी नौका बाहेर काढली गेली आणि नदीच्या दोन्ही तीरांवर लाखो लोक उभे राहिले. त्यातल्या कितीतरी जणांनी 1984 ची मिरवणूक फक्त आजोबांच्या तोंडून ऐकली होती.

(दृश्य: मुलींचा सराव. नंतर खचाखच भरलेलं सान मामेस.)

निवेदन:

लेझामात मुलीही घडतात. महिलांचा संघ 2002 मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी स्पेनचा विजेता ठरला. त्यांच्या नावावर आज पाच विजेतेपदं आहेत. जानेवारी 2019 मध्ये अॅटलेटिको माद्रिदविरुद्धच्या त्यांच्या सामन्याला क्लबच्या सान मामेस स्टेडियममध्ये 48,121 प्रेक्षक आले होते. नियम त्यांनाही तोच.

(दृश्य: कोल्हापूर. शाहू स्टेडियमची भरलेली दगडी गॅलरी. तालमीचे झेंडे.)

निवेदन:

पेठेच्या नावासाठी जीव टाकणारे प्रेक्षक काय असतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही तालमी-मंडळांच्या फुटबॉल संघांची नावं तिथे घराघरांत आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. अलीकडे तालमींच्या संघांत परदेशी खेळाडूही दिसतात, सामने रंगतात, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच तालमीच्या दारात चेंडू लाथाडणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला आठवड्यातून चार दिवस, बाराही महिने शिकवणारा जाणता माणूस हवा. त्याला पगार हवा, मान हवा. गॅलरी तर आधीपासूनच भरलेली आहे.

(दृश्य: पुन्हा लेझामा. पहिल्या गटातली मुलं सात-सातचा सामना खेळत आहेत.)

निवेदन:

2024 च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात निकोने इंग्लंडविरुद्ध गोल केला, त्यानंतर मोठमोठे क्लब त्याच्या मागे लागले. जुलै 2025 मध्ये त्याने अॅथलेटिकशी 2035 पर्यंतचा करार केला. तो संपेल तेव्हा निको असेल बत्तीस-तेहतीस वर्षांचा, आणि 2025 साली लेझामाच्या सर्वांत लहान गटात आलेली ही मुलं विशीत पोचलेली असतील. डाव्या बगलेवरची त्याची जागा भरायला बाहेरून कुणी येणार नाही. ती याच मुलांतल्या कुणाला तरी, नाहीतर शेजारच्या एखाद्या गावात आत्ता खेळत असलेल्या मुलाला भरावी लागेल, आणि त्याला शिकवायचं काम आज दुपारी सुरू आहे.