कम्पायलरमधला पॅच चार ओळींचा, काम मात्र त्याच्या आजूबाजूचं

नमस्कार मंडळी. ओपन सोर्स कम्पायलर टूल्समध्ये (कम्पायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात उतरवणारं सॉफ्टवेअर) काम करतो म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात एकच चित्र येतं, कोणीतरी प्रचंड हुशार माणूस बसलाय आणि एखादं भारी ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करणारी युक्ती, लिहितोय. तसे लोक आहेत, नाही असं नाही. पण एलएलव्हीएम काय किंवा जीसीसी काय, ही मोठी कम्पायलर प्रोजेक्ट्स ज्यांच्या जिवावर चालतात त्यांचा बराचसा वेळ नवीन कोड लिहिण्यात जातच नाही. ते बग लहान करत असतात, म्हणजे बग दाखवणारा मोठा कोड कापत कापत थोड्या ओळींवर आणत असतात, टेस्ट लिहीत असतात, दुसऱ्याचा पॅच, म्हणजे त्याने सुचवलेला कोडमधला बदल, वाचून "अमुक इनपुटला हे चुकेल" असं सांगत असतात. मला आज त्याच कामाबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते कम्पायलरमधलं खरं योगदान तेच आहे आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. जीसीसी 1987 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बाहेर आणला. एलएलव्हीएम 2000 च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांच्या कामातून सुरू झाला, पहिलं रिलीज 2003 चं, आणि त्यावर बांधलेला सी, सी++ चा कम्पायलर क्लँग 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. आज क्लँगच नाही, रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या सगळ्या भाषा एलएलव्हीएमवर उभ्या आहेत. म्हणजे या सगळ्यांच्या सामाइक मधल्या थरात तुम्ही एक ओळ सुधारलीत तर फायदा या सगळ्यांना, आणि एक ओळ चुकली तर तीही सगळ्यांकडे पोचते, आणि वापरणाऱ्याला कळतही नाही की चूक आपल्या प्रोग्रॅमची नाही, कम्पायलरची आहे. तो बिचारा स्वतःचाच कोड पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

आता एक उदाहरण घेऊ, अगदी शाळेतलं. एक्सला दोनाने गुणा आणि परत दोनाने भागा. उत्तर एक्स. मग कम्पायलरने गुणाकार भागाकार दोन्ही उडवून सरळ एक्स ठेवावा, बरोबर? नाही ना. समजा आठ बिटांची साइन्ड (अधिक-उणे चिन्ह असलेली) संख्या आहे, म्हणजे उणे 128 ते 127 एवढीच जागा. एक्स 100 घ्या. दुप्पट 200, ती मावत नाही, गुंडाळून उणे 56 होते, आणि तिला दोनाने भागलं की उणे 28. कुठे 100 आणि कुठे उणे 28. सी भाषेत साइन्ड संख्येचा ओव्हरफ्लो, म्हणजे असं न मावणं, होणारच नाही असं कम्पायलरने धरलेलं चालतं, म्हणून क्लँग त्या गुणाकारावर एनएसडब्ल्यू (नो साइन्ड रॅप) नावाचा फ्लॅग, म्हणजे इथे संख्या गुंडाळली जाणार नाही अशी खूण, लावून पाठवतो आणि मग हे सोपं करणं कायदेशीर ठरतं. रस्टमध्ये साध्या रिलीज बिल्डला संख्या गुंडाळली जाते, तिथे तो फ्लॅग नसतो, तिथे हे करायचं नाही. कोड तोच, गुणाकार तोच, फरक फक्त एका फ्लॅगचा.

म्हणून एलएलव्हीएमच्या सूचना सोप्या करणाऱ्या इन्स्टकम्बाइन नावाच्या भागात असा छोटासा नियम घालायचा असेल तर रिव्ह्यू करणारा पहिलं काय विचारतो, तर प्रूफ. अलाइव्ह2 नावाचं एक टूल आहे, त्याला आधीचा आयआर (कम्पायलरच्या आत कोड ज्या मधल्या रूपात असतो तो) आणि नंतरचा आयआर दिला की ते सॉल्व्हर, म्हणजे गणिती तपासणी करणारा प्रोग्रॅम, लावून तपासतं की कुठल्याही इनपुटला दोघांच्या वागण्यात चुकीचा फरक पडतोय का, आणि पडत असेल तर नेमकं ते इनपुट काढून समोर ठेवतं. त्या प्रूफची लिंक पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे पॅच आत घ्या अशा विनंतीत, टाकायची. मग टेस्ट, आणि टेस्टसुद्धा नुसत्या "हे सोपं झालं" अशा नकोत, "इथे फ्लॅग नाहीये त्यामुळे इथे हात लावायचा नाही" अशाही हव्यात, त्यांना निगेटिव्ह टेस्ट म्हणतात. अजून एक पद्धत मला फार आवडते, टेस्ट आधी वेगळ्या कमिटमध्ये (कमिट म्हणजे नोंदवलेला एक बदल) टाकायच्या, आजचं आउटपुट जसं आहे तसं नोंदवून, आणि मग खरा बदल दुसऱ्या कमिटमध्ये. म्हणजे वाचणाऱ्याला डिफमध्ये, म्हणजे आधी-नंतरच्या फरकात, स्वच्छ दिसतं की या पॅचने नेमकं काय काय बदललं. सी++ चा बदल चार ओळींचा असतो आणि टेस्ट फाइल दोनशे ओळींची, आणि ते अगदी योग्यच आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती रस्टच्या नोएलियसची. रस्टमध्ये बदलता येणारा रेफरन्स एका वेळी एकाकडेच असतो, भाषेचा नियमच आहे. ही माहिती कम्पायलरसाठी सोनं आहे, कारण दोन पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) एकाच जागेकडे बघत नाहीत हे नक्की असेल तर व्हॅल्यू परत परत मेमरीतून वाचावी लागत नाही. म्हणून रस्टने फंक्शनच्या पॅरामीटरवर नोएलियस ही खूण लावून ही खात्री एलएलव्हीएमला द्यायला सुरुवात केली. सी मध्ये हेच काम रेस्ट्रिक्ट हा कीवर्ड करतो, पण तो लोक क्वचित लिहितात, त्यामुळे कम्पायलरमधली ती वाट फारशी कोणी तुडवलेली नव्हती. रस्टने एकदम सगळी रहदारीच त्या वाटेवर सोडली आणि एकेक बग बाहेर यायला लागले. फीचर चालू केलं, बंद केलं, परत चालू, परत बंद, असं बरीच वर्षं चाललं.

त्यातला एक बग बघण्यासारखा आहे. एक छोटं फंक्शन घ्या, त्याला दोन पॉइंटर मिळतात, ए आणि बी, आणि वचन असं की या कॉलमध्ये ए आणि बी वेगळे आहेत. हे फंक्शन लूपमध्ये बोलावलंय. पहिल्या फेरीत ए म्हणजे कप्पा शून्य आणि बी म्हणजे कप्पा एक. दुसऱ्या फेरीत ए म्हणजे कप्पा एक, बी म्हणजे कप्पा दोन. प्रत्येक फेरीपुरतं वचन खरंच आहे. आता कम्पायलरने फंक्शन इनलाइन केलं, म्हणजे कॉलच्या जागी त्याचा कोडच आणून ठेवला, आणि लूप उलगडला, म्हणजे आतल्या कोडच्या कॉपी एकाखाली एक मांडल्या, पण वचनाचं लेबल मात्र सगळ्या कॉपींवर तेच राहिलं. झालं, आता कम्पायलरला वाटतं की पहिल्या फेरीतला बी आणि दुसऱ्या फेरीतला ए हेही कधीच एक नसतात, आणि प्रत्यक्षात दोघंही कप्पा क्रमांक एककडेच बघतायत! मग तो रीड आणि राइटची अदलाबदल करतो आणि उत्तर चुकतं. इनलाइनर त्याच्या जागी बरोबर, लूप उलगडणारा पासही (पास म्हणजे कम्पायलरमधली एक पायरी) त्याच्या समजुतीप्रमाणे बरोबर, आणि दोघं एकत्र आले की चूक.

हा बग सुटायला कशाने मदत झाली? कोणीतरी मोठ्या रस्ट प्रोग्रॅममधून तो सोलत सोलत सी च्या एका छोट्याशा प्रोग्रॅमपर्यंत आणला, रेस्ट्रिक्ट वापरून, आणि तेव्हा दिसलं की क्लँगच नाही, जीसीसीसुद्धा त्यावर चुकीचं उत्तर देतोय. "रस्टमध्ये काहीतरी विचित्र होतंय" इथपासून दोन मोठ्या कम्पायलरवर कोणीही चालवून बघेल अशा एका पानाच्या कोडपर्यंत येणं, हे मी योगदानच समजतो, आणि मोठं. पुढे एलएलव्हीएममध्ये कॉपी करताना प्रत्येक कॉपीला वेगळं लेबल देण्याची दुरुस्ती झाली, एलएलव्हीएम 12 आलं, आणि 2021 मध्ये रस्ट 1.54 ला ते फीचर परत चालू झालं.

बग लहान करण्याची टूल्स आहेत, सी-रिड्यूस आहे, एलएलव्हीएम-रिड्यूस आहे. तुम्ही एक स्क्रिप्ट द्यायची जी सांगते "बग अजून आहे की गेला", आणि टूल कोडचे तुकडे काढत काढत बघत राहतं. हाताने दिवसभर लागेल ते काम जेवून येईपर्यंत होतं. यूटा विद्यापीठातल्या लोकांनी सी-स्मिथ बनवलं, जे कम्पायलर तपासायला आपणहून रँडम पण वैध सी प्रोग्रॅम तयार करतं, आणि 2011 च्या त्यांच्या पेपरमध्ये 325 पेक्षा जास्त बग सापडल्याची नोंद आहे. मला विचाराल तर सी-स्मिथ जेवढं उपयोगी तेवढाच सी-रिड्यूस, कारण हजार ओळींचा रँडम कोड घेऊन गेलात तर कुठलाही मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, त्याकडे बघणार नाही.

स्पीडचंही तसंच. कम्पायलर स्वतः हळू होतो तो एका पॅचने नाही, शंभर पॅचनी थोडा थोडा. 2020 मध्ये एका काॅन्ट्रिब्युटरने एक ट्रॅकर उभा केला जो एलएलव्हीएमच्या कमिट्सवर ठरावीक प्रोग्रॅम कम्पाइल करून मोजमाप घेतो, आणि शहाणपणा असा की मुख्य भर घड्याळातल्या वेळेवर न ठेवता प्रोसेसरने किती इन्स्ट्रक्शन्स चालवल्या यावर ठेवला, कारण वेळ दर रनला हलते, इन्स्ट्रक्शन्सचा आकडा फारच कमी हलतो. त्यामुळे अर्धा टक्का फरकही डोळ्यात भरतो. तेव्हापासून रिव्ह्यूमध्ये "याने कम्पाइल टाइम किती वाढतो" हा प्रश्न आकड्यानिशी विचारता येतो.

आणि रिव्ह्यू. इथे खरी टंचाई आहे, पॅच भरपूर आणि वाचणारे कमी. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एक पिंग टाकणं एलएलव्हीएममध्ये अगदी रीतीचं आहे, कोणी रागावत नाही. पण त्याहून चांगलं, थांबलेल्या वेळात दुसऱ्या कोणाचा तरी पॅच वाचा. अप्रूव्ह करायचा अधिकार नसला तरी अलाइव्ह2 चालवून "या इनपुटला चुकतंय" एवढं लिहिता येतं, आणि मेंटेनर असे लोक लक्षात ठेवतात.

सुरुवात कुठून करायची असं शेवटी सगळेच विचारतात म्हणून आत्ताच सांगतो. क्लँग क्रॅश झाला की तो एररच्या खाली दोन फाइल्सचे पत्ते छापतो, एक प्रीप्रोसेस केलेला सोर्स आणि एक ती कमांड परत चालवणारी स्क्रिप्ट. बहुतेक जण तो मजकूर वाचतच नाहीत, वर स्क्रोल करतात आणि कोड थोडा फिरवून बघतात. त्या दोन फाइल्स घ्या, अ‍ॅसर्शन (कोडच्या आतल्या तपासण्या) चालू असलेल्या ताज्या बिल्डवर क्रॅश अजून होतोय का बघा, होत असेल तर सी-रिड्यूस लावा, दहावीस ओळी उरल्या की गिट बायसेक्टने, म्हणजे दर वेळी मधला कमिट तपासत, कुठल्या कमिटपासून सुरू झालं ते शोधा आणि ते सगळं इश्यूमध्ये टाका. बायसेक्टला दर पायरीला बिल्ड लागतं म्हणून ते रात्री लावून ठेवा, सीकॅश (आधी कम्पाइल केलेलं साठवून ठेवणारं टूल) वापरलंत तर बराच वेळ वाचतो.