अंगणात आलेल्या बायका

नमस्कार श्रोतेहो. आजचा चित्रपट ग्रीक, कृष्णधवल, १९६२ सालचा. नाव 'इलेक्ट्रा', दिग्दर्शक मिखालिस काकोयानिस. मूळ नाटक युरिपिडीसचं, जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वीचं.

गोष्ट चार वाक्यांत सांगतो. ट्रॉय जिंकून घरी आलेल्या अगामेम्नॉन राजाला त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा जोडीदार इजिस्थस न्हाणीघरात मारतात. मुलगा ओरेस्टिस परमुलखात वाढतो. मुलगी इलेक्ट्रा, तिच्या पोटी सूड घेणारा वारस जन्मू नये म्हणून तिला एका गरीब शेतकऱ्याच्या गळ्यात बांधतात. भाऊ परत येतो, आणि दोघं मिळून आधी इजिस्थसला, मग जन्मदात्या आईला संपवतात.

अशा नाटकाचा सिनेमा करायचा म्हटलं की पहिली कात्री कोरसवर चालते. कोरस म्हणजे पंधरा जणांचा ताफा, नाचणारा, गाणारा, पात्रांना प्रश्न विचारणारा. आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्यांची आठवण होईल. पण झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतात, आणि हा कोरस वेळप्रसंगी नायिकेलाच चार शब्द सुनावतो. तो पार्श्वसंगीत नव्हे. पुन्हा सांगतो, कोरस म्हणजे पार्श्वसंगीत नव्हे.

मग अडचण काय? उघड्यावरच्या दगडी नाट्यगृहात शेवटच्या रांगेला चेहरे दिसतच नाहीत, शिवाय नटांना मुखवटे. तिथे पंधरा गळे एकत्र लागले तर शोभतात. कॅमेरा हातभर अंतरावर आला की तेच पंधरा ओठ अर्ध्या अक्षराने मागेपुढे होतात, शब्द एकमेकांत मिसळतात आणि शाळेच्या प्रार्थनेसारखं ऐकू येतं. काकोयानिसने काय केलं? कोरसला खेड्यातल्या बायका केलं, काळ्या वस्त्रांतल्या. बोलायचं एकदोघींनी, बाकीच्यांनी ऐकायचं. हालचाल मात्र सगळ्यांची मिळून. बोलणं वेगळं, वावरणं एकत्र. मागे उन्हात तापलेली उघडीबोडकी टेकडी, कॅमेरा वॉल्टर लासाली यांचा, संगीत मिकिस थिओडोराकिस यांचं. कान महोत्सवात या रूपांतराला पुरस्कार मिळाला.

नाटकात इलेक्ट्रा पहिल्यांदा दिसते ती डोक्यावर घागर घेऊन. जाता जाता एक सांगतो, आपल्या मालिकांतल्या घागरी आणि सुटकेसी रिकाम्या असतात, आणि ते लगेच कळतं. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो; मान ताठ होते, पाऊल आखूड पडतं. हातातली सुटकेस जड असली की अंग दुसऱ्या बाजूला झुकतं. घाला की हो आत चार विटा!

असो. घागर घेऊन इलेक्ट्रा अंगणात येते, आणि तिथे त्या बायका गात येतात: "अगामेम्नॉनच्या लेकी, इलेक्ट्रा, तुझ्या या रानातल्या अंगणात मी आले आहे." डोंगरात हिंडणारा, दुधावर जगणारा एक माणूस निरोप घेऊन आलाय, हेरा देवीचा उत्सव परवावर आलाय, सगळ्या मुली निघाल्यात, तूही चल. इलेक्ट्रा म्हणते, माझे केस बघा, या चिंध्या बघा, कुठे येऊ? त्यावर उत्तर काय, तर माझ्याकडचं नेसायला घे, अंगावर दागिनाही माझ्याकडचाच घाल. एवढंच गाणं आहे. हे गाणं लक्षात ठेवा, कारण आता ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेला किस्सा.

साल इसवी सनापूर्वी ४०४. अथेन्स आणि स्पार्टा यांचं सत्तावीस वर्षांचं युद्ध संपलंय. अथेन्सचं आरमार हातचं गेलं, शहराला वेढा पडला, माणसं उपासमारीने मेली, शेवटी दरवाजे उघडले. युरिपिडीस दोन वर्षांपूर्वीच दूर मॅसिडोनियात वारलाय. जिंकणाऱ्यांची बैठक भरते: या शहराचं करायचं काय? कोणी म्हणतं, सगळ्यांना गुलाम करून विका. थीब्जचा एरिआन्थस म्हणतो, शहर जमीनदोस्त करा आणि तिथे मेंढ्या चारा. बैठक झाली, सगळे सरदार जेवायला बसले, दारू फिरू लागली. आणि फोकिस प्रांतातल्या एकाने गाणं धरलं. कोणतं? हेच. "अगामेम्नॉनच्या लेकी, इलेक्ट्रा, तुझ्या या रानातल्या अंगणात..."

बैठक गलबलली. कालपर्यंत राजाची लेक, आज अंगावर चिंध्या, डोक्यावर घागर. कालपर्यंत समुद्राची मालकीण असलेली नगरी, आज दाराशी उपाशी उभी. असे कवी जन्माला घालणारं शहर पुसून टाकणं हे क्रौर्य होईल, असं सगळ्यांना वाटलं. शहर वाचलं. तटबंदी वाचली नाही, बरं का! स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने बासरीवाल्या मुली बोलावल्या आणि त्यांच्या बासरीच्या तालावर ती पाडली, जहाजं जाळली. पण शहर वाचलं.

आता खरं ते सांगायला हवं. प्लुटार्क हे लिहितो तेव्हा घटनेला पाचशे वर्षं होत आली आहेत. घटनेच्याच काळात जगलेला इतिहासकार झेनोफॉन गाण्याचं नावही काढत नाही. तो म्हणतो, इराण्यांविरुद्ध अथेन्सने साऱ्या ग्रीसला वाचवलं होतं, ते स्मरून स्पार्टाने नकार दिला. राजकारण बहुधा त्याचंच बरोबर. तरी गंमत बघा, किस्सा रचणाऱ्याला सूडाची आरोळी सुचली नाही, आईच्या खुनाचा प्रवेश सुचला नाही. सुचलं कोरसचं गाणं, म्हणजे सिनेमावाले आधी कापतात तेच!

वेळ कमी आहे, दोन गोष्टी घाईने. इलेक्ट्रा झालेली इरिनी पापास पुढे काकोयानिसच्याच १९७१ च्या चित्रपटात हेलन झाली आणि १९७७ साली क्लायटेम्नेस्ट्रा. लेक, मावशी आणि आई, एकाच बाईने.

दुसरी गोष्ट शेवटाची. नाटकात यारीवरून, म्हणजे रंगमंचावरच्या क्रेनवरून, दोन देव खाली डोकावतात, कॅस्टर आणि पॉलिड्युसीस. क्लायटेम्नेस्ट्राचे भाऊ, म्हणजे इलेक्ट्राचे मामाच. ते निकाल देतात, दोष सूड घ्यायला सांगणाऱ्या अपोलो देवावर ढकलतात, भाचीचं लग्नही जमवून टाकतात. रंगभूमीवर यारी खपते, पडद्यावर हसू येईल. काकोयानिसने मामांना घरीच ठेवलं. आईला मारून बाहेर आलेली दोन मुलं, निवाडा करायला वर कोणी नाही, आणि समोर गावच्या बायका, गप्प. भाऊ एका वाटेने जातो, बहीण दुसऱ्या.