चित्र आहे, आवाज कुठंय?

नमस्कार मंडळी. आपल्या जवळचे सिनेमे हार्डडिस्कवर साठवायचे आणि घरच्या टीव्हीवर बघायचे, आजचा विषय एवढाच. डिस्क टीव्हीला कुठे लावायची हे काही मी सांगत बसत नाही, ते घरातलं शेंबडं पोरही करतं. थेट आमच्या काकांकडेच येतो.

काका म्हणजे सिनेमावेडे. कपाटभर ब्लू-रे, त्या सगळ्या स्वतः बसून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या, आणि मग एका संध्याकाळी सगळं खानदान गोळा केलं, दिवे बंद, कुणी बोलायचं नाही. काकांनी बटण दाबलं. चित्र असं झकास की विचारू नका, आणि आवाज? काहीच नाही! मूकपट! मग आपले एकेक तज्ज्ञ उठले, एकाने व्हॉल्यूम शंभरवर नेला, एकजण टीव्हीमागे वाकून वायरी हलवतोय, मेहुणे म्हणाले स्पीकर गेला, नवीन टीव्ही घ्या (आमच्या मेहुण्यांकडे कशावरही तेवढाच उपाय असतो). बरं, बातम्या लावल्या तर आवाज ठणठणीत! शेवटी चुलत बहिणीने रिमोट हिसकावला, ऑडिओच्या मेनूत गेली, दुसरा ट्रॅक निवडला आणि आला ना आवाज. पण व्हॉल्यूम अजून शंभरवरच, आजी खुर्चीत उडालीच. आणि बघतो तर काय, पडद्यावर हिरो रडतोय आणि भलताच कुणीतरी गप्पा मारल्यासारखा सांगतोय की हा पाऊस खोटा आहे, पाइपाने पाडलाय. तो निघाला दिग्दर्शकाचा कॉमेंटरी ट्रॅक! काका चरफडले, बंद कर म्हणाले, पण आजी म्हणाली राहू दे रे, कुणीतरी नीट समजावून तरी सांगतंय. आणि आम्ही अख्खा सिनेमा तसाच बघितला! आता कुठलाही सिनेमा लावा, आजी विचारते, तो सांगणारा माणूस कुठे गेला?

तर झालं काय होतं, मूळ आवाज होता डीटीएस प्रकारात आणि कॉमेंटरी डॉल्बी डिजिटलमध्ये. बऱ्याच टीव्हींना डीटीएस वाचताच येत नाही. सिनेमाच्या फाईलच्या नावाशेवटी जे एमकेव्ही असतं, तो नुसता डबा आहे, परत सांगतो, नुसता डबा. आत चित्र एच २६४ आहे की एच २६५, आवाज डीटीएस आहे की एएसी, हे नावावरून कळत नाही. म्हणून चित्र दिसतं, आवाज नाही, किंवा आवाज येतो, चित्र नाही. उपाय सोपा, फक्त आवाज बदलायचा, चित्राला हात लावायचा नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामला सांगायचं की चित्र जसंच्या तसं कॉपी कर आणि आवाज एसी३, म्हणजेच डॉल्बी डिजिटल, कर. चित्र नव्याने एन्कोड होत नाही त्यामुळे वेळ कमी लागतो आणि चित्राची क्वालिटीही जात नाही. किंवा कॉम्प्युटरवर प्लेक्स नाहीतर जेलीफिन हे घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला सिनेमा पाठवणारे प्रोग्राम टाका, ते टीव्हीला न झेपणारा आवाज जागच्या जागी बदलून देतात.

दुसरं, डिस्कवर जागा भरपूर आणि तरी मोठी फाईल कॉपी होत नाही? डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, ४ जीबी लक्षात ठेवा, आणि ब्लू-रेच्या एका थरातच २५ जीबी मावतात. मग डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करायची, पण तुमचा टीव्ही यातलं काय वाचतो ते आधी बघा, कारण फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं.

आणि जाता जाता, तो टीव्हीतला मोशन स्मूदिंगचा प्रकार बंद करा हो! सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही अधेमधे स्वतःच्या मनाच्या फ्रेम घुसडतो आणि मग कितीही भव्य सिनेमा असो, दुपारची मालिका वाटते. कुणी मागितलं होतं हे?

बरं, सबटायटल. सबटायटल ज्यात असतात त्या एसआरटी फाईलचं नाव सिनेमाच्या फाईलसारखंच ठेवा, अगदी तेच, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा, मराठी नीट दिसतंय ना बघा, आणि ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडून सेव्ह करा. तरीही चौकोनच दिसले तर टीव्हीत देवनागरीचा फॉन्टच नसणार, मग तो सिनेमा कॉम्प्युटर एचडीएमआयने जोडून बघायचा.