नवस बदलावा लागला

१६४४ साली फ्रेंच आल्प्समधल्या शामोनी खोऱ्यात एक मिरवणूक निघाली. पुढे जिनिव्हाचे सहायक बिशप शार्ल द साल आणि त्यांच्या मागे सुमारे तीनशे गावकरी. निघाले होते बर्फाला थोपवायला. आज आपण जिला मेर द ग्लास म्हणतो, त्या हिमनदीचं तोंड, म्हणजे तिचं खालचं टोक, तेव्हा ले ब्वा नावाच्या वस्तीच्या उशाशी येऊन ठेपलं होतं. आसपासची शेतं आणि घरं त्याआधीच बर्फानं गिळली होती. बिशपनी हिमनदीसमोर उभं राहून प्रार्थना केली, आणि गावकऱ्यांनी हात जोडले की बाई, आता मागे सर.

स्वित्झर्लंडमध्ये अलेच हिमनदीच्या खालच्या अंगाला फीश आणि फीशरटाल ही गावं आहेत. तिथल्या लोकांनी १६७८ मध्ये नवस बोलला: आम्ही धर्मानं वागू, पण हा बर्फ वाढू देऊ नकोस. तो नवस त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. आणि मग २००९ च्या सुमारास त्याच गावांना रोमकडे, म्हणजे पोपकडे विनंती करावी लागली की आमच्या प्रार्थनेतले शब्द बदलायची परवानगी द्या. परवानगी मिळाली. आता तिथे बर्फ टिकावा म्हणून प्रार्थना होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न बसून होतो. तापमानाच्या आलेखांनी माझं जे झालं नव्हतं, ते या एका बदललेल्या नवसानं झालं.

या दोन प्रसंगांपासून सुरुवात केली त्याला कारण आहे. ‘हिमनद्या तर आधीपासूनच वितळतायत, त्यात माणसाचा काय संबंध?’ हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर येतो. प्रश्न रास्त आहे. साधारण १३०० ते १८५० या थंड काळाला लघु हिमयुग म्हणतात. ज्वालामुखींचे मोठे उद्रेक आणि काही काळ मंदावलेला सूर्य ही त्यामागची मुख्य कारणं. आल्प्समधल्या अनेक हिमनद्यांचा विस्तार १८५० च्या आसपास मोठा होता आणि तिथून त्या मागे सरू लागल्या. तेव्हा मोटारी नव्हत्या, कारखाने मोजके होते. म्हणजे ती माघार बऱ्याच अंशी निसर्गाचीच होती.

पण इथेच थांबलं तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. २०१४ मध्ये हिमनद्यांचे अभ्यासक बेन मार्झाइऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब वेगळा करून पाहिला. १८५१ ते २०१० या सबंध काळात जगभरच्या हिमनद्यांनी जो बर्फ गमावला, त्यात माणसाचा वाटा सुमारे २५ टक्के निघाला. फक्त १९९१ ते २०१० ही वीस वर्षं घेतली, तर तोच वाटा सुमारे ६९ टक्के. सुरुवात निसर्गानं केली, पुढचं ओझं आपण चढवलं.

हे समजायला हिमनदी चालते कशी ते पाहावं लागतं. वरच्या भागात बर्फ पडतो, साठतो, दबून घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली सरकतो. खालच्या भागात तो वितळतो. वरची जमा आणि खालचा खर्च जुळला की तोंड जागच्या जागी राहतं. हवामान बदललं तरी तोंडाला ते लगेच कळत नाही. मोठ्या हिमनदीला नव्या हवामानाशी जुळवून घ्यायला कित्येक दशकं लागतात. म्हणून आज आपण जे मागे सरलेलं तोंड पाहतो, त्यात आपल्या आजोबांच्या काळातली उष्णतासुद्धा आहे.

गंगोत्रीचं उदाहरण घ्या. १९३५ मध्ये भूवैज्ञानिक जॉन ऑडन यांनी गोमुखाचा, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाचा, नकाशा केला. त्यानंतर गोमुख वर्षाला सरासरी वीसेक मीटर या हिशेबानं एक किलोमीटरहून बरंच जास्त मागे गेलं. पण फक्त तोंड मोजून भागत नाही. तोंड जागेवर असतानाही बर्फ वरून पातळ होत असतो. म्हणून लाहौल-स्पीतीतल्या छोटा शिगरी हिमनदीवर २००२ पासून बर्फात बांबूच्या काठ्या रोवून जमाखर्च मोजतात. काठी किती उघडी पडली, यावरून किती बर्फ गेला ते कळतं. इतकं साधं काम, पण दर वर्षी त्या उंचीवर, त्या थंडीत जाऊन करायचं! या काठ्या मोजणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. उपग्रहाचे आकडे पारखून घ्यायला शेवटी अशाच मोजण्या लागतात.

सगळीकडे चित्र सारखं नाही, हेही सांगायला हवं. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या अनेक वर्षं जवळजवळ स्थिर होत्या, काही तर वाढल्याही. उलट बोलिव्हियातली चाकालताया २००९ पर्यंत पूर्ण संपली. तिच्यावर एके काळी लोक स्कीइंग करत.

पुन्हा मेर द ग्लासकडे येतो. तिच्या काठावरच्या मोंतांव्हेर स्थानकातून बर्फातली गुहा पाहायला १९८८ मध्ये केबल कार सुरू झाली. तेव्हा केबल कारमधून उतरलं की जेमतेम तीन पायऱ्यांवर बर्फ होता. पुढे पायऱ्या वाढवत वाढवत पाचशेच्या वर न्याव्या लागल्या. त्या वाटेवर पाट्या लावल्या होत्या, अमुक वर्षी बर्फ इथवर होता. माणूस पायऱ्या उतरायचा तेव्हा खरं तर वर्षं उतरत असायचा. बिशपनी जिच्यासमोर मागे सरण्याची विनवणी केली होती, ती हीच हिमनदी.

गेल्या काही वर्षांचा वेग मात्र अगदी वेगळा आहे. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात आपला ६ टक्के बर्फ गमावला आणि २०२३ मध्ये आणखी ४ टक्के. २०२२ च्या हिवाळ्यात हिम कमी पडलं होतं. त्यातच वसंतात सहाराची धूळ येऊन बर्फावर बसली. ताजं पांढरं हिम ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतं, मळलेला उघडा बर्फ बरंच ऊन पिऊन घेतो, म्हणून वितळणं वाढतं आणि आणखी गडद पृष्ठभाग उघडा पडतो. ऱ्होन हिमनदीवर उन्हाळ्यात पांढरी कापडं अंथरतात ती याचसाठी. कापडाखालचा बर्फ टिकतो, पण अख्ख्या हिमनदीला पुरेल एवढं कापड कुठून आणणार? जगभराचा हिशेब केला तर २००० ते २०२३ या काळात हिमनद्यांनी वर्षाला सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. शिवाय या काळाच्या पूर्वार्धापेक्षा उत्तरार्धात हा वेग ३६ टक्क्यांनी जास्त आहे.

हिमनदीला हवामानातला बदल उशिरा कळतो, या मघाच्या मुद्द्याकडे आता परत या. २०२५ मधल्या एका अभ्यासानुसार तापमान आज आहे तिथेच रोखलं, तरी जगातल्या हिमनद्यांचा सुमारे ३९ टक्के बर्फ जाणारच आहे. त्यातला बराचसा भाग पुढच्या शतकांत जाईल. ते नुकसान आपण करून बसलो आहोत, फक्त दिसायचं बाकी आहे. उरलेल्याचा निकाल अजून लागायचाय. औद्योगिक क्रांतीआधीच्या तुलनेत तापमानवाढ १.५ अंशावर थांबली तर ५३ टक्के बर्फ राहील आणि २.७ अंशावर गेली तर २४ टक्के. मधल्या प्रत्येक दशांश अंशामागे साधारण दोन टक्के बर्फ जातो.