जिप्सीची टकटक आणि उगाच उघडलेली ट्रान्सफर केस

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो, मी मेकॅनिक नाही. माझ्याकडे ९८ सालची मारुतीची फोर-बाय-फोर जिप्सी किंग आहे, तेराशेचं इंजिन, चारही बाजूंना पाट्यांचे स्प्रिंग, आणि ही गाडी ज्याच्याकडे आहे तो मेकॅनिक नसला तरी हळूहळू अर्धा होतोच. आज एका आवाजाची गोष्ट सांगणारे, कारण त्यात मी साडेआठ हजार रुपये घालवले आणि आवाज आहे तिथेच राहिला.

झालं असं की पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाऊन आलो, चिखल, ओढे, सगळं झालं, आणि पंधरा दिवसांनी गिअर लिव्हरच्या बरोबर खालून टक-टक-टक असा आवाज सुरू झाला. स्पीड वाढला की टकटक वाढणार, गाडी थांबली की बंद. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच सांगितलं, साहेब ट्रान्सफरचं बेअरिंग गेलंय. (ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी.) मलाही पटलं हो, आवाज तिथूनच तर येत होता! ट्रान्सफर केस खाली आली, बेअरिंगं बदलली, सगळं परत चढलं, आणि गेटच्या बाहेर पडलो तर टक-टक-टक.

मग मी घरी बसून जरा डोकं चालवलं, जे आधी चालवायला पाहिजे होतं.

पहिली गोष्ट, एकाच स्पीडला गिअर बदलून बघायचा. तीसला तिसऱ्यात चालवली, मग तीसलाच चौथ्यात, आणि मग न्यूट्रल करून नुसती घरंगळू दिली. इंजिनचा फिरण्याचा वेग तिन्ही वेळा वेगळा होता पण टकटक तशीच, एक सुद्धा कमी-जास्त नाही. म्हणजे इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची पुढची बाजू, हे सगळं एका झटक्यात सुटलं. जे काय आहे ते चाकांबरोबर फिरणारं आहे.

आता चाकांबरोबर फिरणारं काय काय असतं? एक तर खुद्द चाक, आणि दुसरा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसकडून एक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा. आणि इथे एक मस्त हिशोब आहे बघा. माझ्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर. गाडी ताशी १० किलोमीटरने चालवली तर दहा सेकंदांत चाक तेराएक वेळा फिरतं. पण शाफ्ट डिफरन्शियलच्या (एक्सलवरचा, वेग कमी करून चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा) अलीकडे असल्यामुळे तो चाकाच्या जवळपास चौपट फिरतो, म्हणजे पन्नासेक वेळा. मुलीला शेजारी बसवलं, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला आणि घरी येऊन तिनं हळू स्पीडला लावून मोजला. बावन्न! म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही, ब्रेक नाही, टायरच्या नक्षीत अडकलेला दगड पण नाही. शाफ्टच्या वेगाने फिरणारं काहीतरी.

पण या वेगाने फिरणारे शाफ्ट दोन, पुढचा आणि मागचा. आणि तेव्हा एकदम ट्यूब पेटली की ताम्हिणीहून आल्यावर मी पुढचे हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडवणारे खटके) फ्री केलेलेच नाहीत! जिप्सीत टू एच (नुसती मागची चाकं ओढतात तो) टाकलं की ट्रान्सफर केस पुढच्या शाफ्टला ताकद देत नाही हे खरं, पण हब लॉक राहिले असतील तर चाकंच उलट बाजूने एक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट फिरवत बसतात. खाली उतरलो, दोन्ही हब हाताने फिरवून फ्री केले, सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो आणि आलो. आवाज गायब. मी अक्षरशः एकटाच हसलो गाडीत.

आता पुढचा शाफ्ट का पुढचं डिफरन्शियल, हे राहिलं. पुढचा शाफ्ट काढून ठेवला, हब परत लॉक केले, चक्कर मारली, शांत. म्हणजे शाफ्टच. (शाफ्ट काढायच्या आधी चाकांना दगड लावा हां, मागचा काढलात तर गाडी गिअरमध्ये असली तरी उतारावरून निघून जाते, गिअर आणि मागच्या चाकांचा संबंधच राहात नाही.) शाफ्ट हातात घेऊन क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, अधिकच्या चिन्हासारखा, कोनात वाकणारा सांधा) वाकवून बघितला, एका दिशेला लोण्यासारखा, दुसऱ्या दिशेला मध्येच अडकून कट्ट करणारा. क्रॉसच्या एका टोकावरचा कप काढला तर आत ग्रीस नाहीच, तपकिरी पावडर, बेअरिंगच्या सुया गंजून त्यांचं पीठ झालेलं. ग्रीस मारताना चारही कपांतून बाहेर आलं पाहिजे, माझं तीनमधूनच यायचं आणि मी म्हणायचो चालतंय. त्या चौथ्यात पाणी शिरलं.

आणि तो क्रॉस बरोबर ट्रान्सफर केसच्या फ्लँजला (शाफ्ट जोडायच्या चकतीला), म्हणजे गिअर लिव्हरच्या जवळच. वर नुसता पत्रा. आवाज लोखंडातून पत्र्यात आला आणि आम्ही सगळे पत्र्याकडे बघत बसलो.

क्रॉस काही शे रुपयांचा. पण गोष्ट संपली नाही, कारण बसवताना गॅरेजच्या पोराने शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले आणि खूण न करता परत जोडले. मग हब लॉक असताना साठला स्टिअरिंग थरथरायला लागलं. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो ना, तेव्हा शाफ्ट एका फेरीत दोनदा जरा पळतो आणि दोनदा जरा रेंगाळतो, आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असले तरच एकाची चूक दुसरा भरून काढतो. आमचे योक तिरके बसलेले. परत उघडला, सरळ रेषेत बसवला, थरथर गेली. तेव्हापासून काहीही उघडायच्या आधी मी पांढऱ्या रंगाची रेघ मारतो, बायको म्हणते गाडीवर वारली पेंटिंग झालंय.

ट्रान्सफर केस मात्र विनाकारण उघडलेली, तिच्या जोडातून अजून तेल झिरपतं. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय.